चारशे साठ रुपयांचं तारण

आनंदा घाडींनी तर्जनी जिभेला लावली आणि कागदावरचा एक हा आकडा घासला. प्रिंटरची शाई कधी उडते, कधी चहाचा थेंब पडतो, कधी माशी आपली सही करून जाते. पण हा एक पुसला गेला नाही. घाडींनी चष्मा काढून रुमालाने स्वच्छ केला, पुन्हा घातला. एक जागच्या जागी होता.

"वैदेही, हे आत्ताच छापलंस?"

"हो काका. का, शाई कमी पडली?"

"शाई बरोबर आहे. आकडा जास्त आहे."

वैदेही खुर्ची सरकवत त्यांच्या टेबलाशी आली. मंडळात लागून तिला चार वर्षं झाली होती आणि चाकं असलेली एकमेव खुर्ची तिच्याकडे होती. तिने कागद वाचला. मंडळाने शासनाला द्यावयाच्या कर्जाचे विवरणपत्र, आकडे हजारांत. खाली एकच ओळ: कातळवेळ पर्यटक निवास. शेवटच्या रकान्यात एक.

"दर वर्षी शून्य असतं ना इथे?"

"बारा वर्षं," घाडी म्हणाले.

राज्य विश्रामस्थळे मंडळ फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्याला कर्ज देणारं सरकार, म्हणजे कर्ज शाखा, त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर. ब्याण्णव साली सरकारने मंडळाला कोकणात कातळवेळच्या किनाऱ्यावर बारा खोल्यांचं पर्यटक निवास बांधायला कर्ज दिलं. पर्यटक येतील, भाडं देतील आणि भाड्यातून कर्ज फिटेल असं ठरलं होतं. पर्यटक आले नाहीत असं नाही. पण त्यांत मोठ्या माणसांचे पाहुणे आणि पाहुण्यांचे ड्रायव्हर जास्त निघाले आणि त्यांच्यात भाडं द्यायची पद्धत नव्हती. मग कर्ज फेडता यावं म्हणून सरकारनेच मंडळाला अनुदान द्यायला सुरुवात केली. दर वर्षी मागणी पाचव्या मजल्यावर जाई, पैसे तिसऱ्या मजल्यावर उतरत आणि त्याच दुपारी घाडी ते हप्ता म्हणून पुन्हा पाचव्या मजल्यावर नेऊन देत. लिफ्ट बंद असली तर या सगळ्याला दोन दिवस लागत. अशा रीतीने वीस वर्षांत सरकारने सरकारचं कर्ज फेडलं आणि विवरणपत्रात शून्य आलं.

शून्य आलं तरी ओळ राहिली होती. ओळ काढायचा आदेश कुणी दिला नव्हता म्हणून घाडी दर फेब्रुवारीत ती इमानाने छापत होते.

"थांबा, पाचव्या मजल्याचं खातं बघते," वैदेही म्हणाली. वरच्यांच्या नोंदी खालच्यांना संगणकावर दिसायला लागून जेमतेम महिना झाला होता. तिने दोन-चार कळा दाबल्या आणि भुवया वर केल्या. "काका, शून्य कधी नव्हतंच. चारशे साठ रुपये बाकी होते. पहिल्यापासून."

"आकडे हजारांत," घाडी सावकाश म्हणाले. "पाचशेच्या खालचं सोडून द्यायचं. पाचशेच्या वर गेलं की पूर्ण हजार."

"म्हणजे कर्ज होतं, पण दिसत नव्हतं?"

"दिसत नव्हतं म्हणून मागणी करता येत नव्हती. मागणी नाही म्हणून अनुदान नाही. अनुदान नाही म्हणून फिटत नव्हतं."

"आणि यंदा दिसायला लागलं, कारण…" तिचं बोट पडद्यावरून खाली सरकलं. "दर डिसेंबरला सेहेचाळीस रुपये व्याज लागतं. दर फेब्रुवारीत कुणीतरी बँकेत जाऊन तेवढेच सेहेचाळीस भरतं. रोख. यंदा भरले नाहीत. म्हणून पाचशे सहा."

"कोण भरतं?"

"नाव आहे ना पावतीवर. य. त्रिलोकेकर."

घाडी उठले. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायले आणि झाकण उलटं ठेवून परत आले.

*

लेखाधिकारी हितेंद्र समेळ यांना मात्र तो एक पाहून आनंद झाला. आनंद व्यक्त करायची सवय मोडल्यामुळे त्यांनी फक्त पेनचं टोपण लावलं.

"म्हणजे पाचशे सहा रुपये भरले की मंडळावर एक रुपयाचं कर्ज नाही?"

"नाही, साहेब."

"घाडी, तीन वर्षांत माझ्या तीन बदल्या झाल्या. जिथे गेलो तिथे सगळं अर्धवट. अर्धे रस्ते, अर्धे पूल. एका ठिकाणी तर अर्धा पुतळा होता. एक तरी गोष्ट संपलेली बघू द्या मला." त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "शुक्रवारी अठ्ठावीस. विवरणपत्र वर जायचा दिवस आणि तुमच्या निवृत्तीचाही. योग बघा. एक फ्लेक्स करून टाकू, कर्जमुक्तीचा. पेढे एकाच खर्चात होतील."

"साहेब, रामजी?"

"कोण रामजी?"

"कातळवेळचा पहारेकरी. कर्जाच्या आदेशातली नववी अट आहे. इमारत सरकारकडे तारण, म्हणून कर्ज पूर्ण फिटेपर्यंत तिथे एक पहारेकरी. फिटलं की पद संपलं. हंगामी आहे, पेन्शन नाही. सत्तावन्न वर्षांचा आहे."

समेळांनी हिशोब केला. चेहऱ्यावरून तो डावीकडून उजवीकडे जाताना दिसला.

"पगार किती?"

"अकरा हजार."

"चारशे साठ रुपयांच्या तारणाला महिना अकरा हजारांचा पहारेकरी. घाडी, हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका." मग जरा नरमाईने म्हणाले, "वाईट वाटतं. पण निवास तर अकरा सालच्या वादळापासून बंद आहे. तो तिथे राखतो काय?"

दर महिन्याच्या पाच तारखेला रामजीचा अहवाल पोस्टाने येई, एवढंच घाडींना ठाऊक होतं. टाकी: भरलेली. दिवे: अमुक बंद. छप्पर: पूर्वीप्रमाणे. पर्यटक: निरंक. अहवाल ते वाचत, शिक्का मारत, फाईलला लावत आणि पगाराच्या कागदावर सही करत.

"तुमचा ना-देय दाखला शुक्रवारीच देतो," समेळ म्हणाले. "विवरणपत्राबरोबर." त्या दाखल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

*

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर घाडी चालतच गिरगावात गेले. ठाकुरद्वारच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर यशोदा त्रिलोकेकर राहत. वीस वर्षं त्या घाडींच्या वरिष्ठ होत्या. कर्जाच्या शेवटच्या मागणीवर त्यांचीच सही होती आणि त्याच वर्षअखेरीला त्या निवृत्त झाल्या. दार उघडायला त्यांना वेळ लागला. आधी वॉकरचे चार पाय दिसले, मग त्या.

"या घाडी. एक झाला ना?"

घाडींचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर.

"तुम्हाला कोणी सांगितलं, मॅडम?"

"गुडघ्याने. जानेवारीत बदलला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने जिना नाही. म्हटलं, अहो, फेब्रुवारीत मला बँकेत जायचंय. म्हणे, मुलाला पाठवा. आता मुलाला काय सांगू? सरकारचं कर्ज फिटू नये म्हणून सेहेचाळीस रुपये भरून ये? तो आधीच मला त्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायला टपलाय."

घाडी बसले. बाईंनी त्यांच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला आणि सरकारी कामाला बसावं तशा ताठ बसल्या.

"बारा साली शेवटच्या हप्त्याआधी तपासणीला गेले होते मी. छप्पर आदल्या वर्षीच उडालेलं. बारातली एकच खोली धड. चार नंबर. मी पर्यटकांचं रजिस्टर मागितलं, तर रामजी द्यायला तयार नाही. म्हणाला, तुमी सरकारी माणूस, पर्यटक न्हय. निरंक तो निरंक. बाहेर कुत्रं नाही बघायला, पण आकडा खोटा लिहीना." त्या थोड्या हसल्या. "चार नंबरात झोपले. पहाटे झाडूचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर एकेक खोली झाडत चाललाय. अकरा खोल्यांना वर नुसतं आभाळ. म्हटलं, रामजी, हे कशाला? म्हणाला, पानां पडतत."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होईना.

"परत आले आणि मागणी लिहायला बसले. येणं होतं एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे साठ. आकडे हजारांत. मी एकशे त्र्याऐंशी लिहिलं. चूक केली नाही हं घाडी. नियम पाळला."

"आणि सेहेचाळीस?"

"तो नियम नाही. तो मी पाळला."

घाडींचे ओठ हलले. आकडा समोर आला की ते हलत.

"बारा वर्षांचे पाचशे बावन्न झाले, मॅडम. मूळ बाकीपेक्षा जास्त."

"मग? कर्ज म्हणतात त्याला." बाईंनी बिस्किट चहात बुडवलं आणि वेळेत बाहेर काढलं. "तुम्ही कधी गेलात कातळवेळला?"

"नाही."

"गाव कुठलं तुमचं?"

"तिथून दोन तासांवर."

"नोकरी किती वर्षं?"

"तेहतीस."

बाई वॉकरला लटकवलेल्या पिशवीत हात घालून पन्नासची नोट शोधू लागल्या.

"हे घ्या. चार रुपये परत आणा."

"असू दे, मॅडम."

"तुमच्या दाखल्यावर सही झाली?"

"शुक्रवारी."

"मग घाई करू नका," असं म्हणून त्यांनी नोट परत पिशवीत ठेवली. "पेन्शनवाला माणूस उपाशी राहिला तर ते कोणत्याच रकान्यात दिसत नाही."

*

बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. घाडींचं घर करी रोडला, जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. खिडकीसमोर काचेचा उंच टॉवर होता. टॉवरच्या पायथ्याशी कारंजं होतं आणि ते दिवसातून दोनदा उडे. कारंज्याच्या जागी पूर्वी गिरणीचं गेट होतं. संपानंतर गिरणी बंद पडली तेव्हा घाडींच्या वडिलांना त्या गेटवर स्टुलावर बसवलं. आतल्या यंत्रांचा दावा कोर्टात होता, तो संपेपर्यंत. सात वर्षं बसले. एका दुपारी निकाल लागला, कुलूप बदललं, आणि एका माणसाने येऊन वडिलांना उठायला सांगितलं, कारण स्टूल गिरणीचं होतं. त्यानंतर वडील घरात कुठल्याही खुर्चीवर नीट टेकून बसले नाहीत. मिनिटभराने कुणी उठवेल, अशा बेताने काठावर बसत.

"कारंजा सुरू होवक अजून येळ आसा," मागून त्यांची बायको रखमा म्हणाली. "कधीपासून उभे रवलास. साबुदाण्याची खिचडी थंड झाली."

"येतो."

"शुक्रवारी सुटतलास म्हणून जीव लागना नाय काय? मगे इतकी वर्षां रोज कित्याक कावत होतास?"

घाडींनी खिचडी खाल्ली आणि रामजीचा नंबर लावला. तेहतीस वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदाच लावला होता. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा वाजत राहिला, मग तुटला. दोन मिनिटांनी पलीकडूनच फोन आला, वाऱ्याच्या आवाजासकट.

"बोला साहेब. खाली रेंज नाय. टाकीवर चढलंय."

"उतर, उतर. काही विशेष नाही. सहज केला."

मुंबईहून कुणी सहज फोन करतं, यावर रामजीचा विश्वास बसायला वेळ लागत असावा.

"अहवाल चुकलो काय माझो?"

"नाही रे. अहवाल बरोबर असतात. तुला साठीला अजून किती?"

"तीन वर्षां."

"मग पुढे?"

"पुढचा पुढे. चेडवाचा, म्हंजे पोरीचा, नर्सिंगचा शेवटचा वर्ष जून महिन्यात सुरू होता. ता संपला की माझा काय आसा, झाडू कुठेय चलता." मग आवाज जरा खाली आला. "साहेब, काय झाला काय? छपराचो कागद निघालो?"

छपराच्या दुरुस्तीचा प्रस्ताव सात वर्षांपूर्वी गेला होता. त्याची फाईल दर वर्षी नवी होई आणि जुनी तिच्यात बांधली जाई.

"नाही. तो वर आहे."

"वर तर मीय आसंय," रामजी म्हणाला आणि टाकीवर एकटाच हसला. "शुक्रवारी निवृत्त होतास म्हणे. पगाराच्या कागदावर लिवला हुता. मगे आता एकदा येवा. चार नंबर तयार आसा."

"सरकारी माणसाला तू पर्यटक धरत नाहीस म्हणे."

"शुक्रवारनंतर तुमी सरकारी खंय?"

*

गुरुवारी बँकेत सरकारी भरणा घ्यायची एकच खिडकी उघडी होती. घाडींच्या पुढे सतरा माणसं होती. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजली. खिडकीमागे प्रिती नावाचा बिल्ला लावलेली मुलगी होती. तिने चलन उलटंसुलटं करून पाहिलं.

"काका, सेहेचाळीस रुपये? यासाठी रांगेत उभे राहिलात?"

"कर्जाचं व्याज आहे."

"बाकी किती आहे?"

"चारशे साठ."

"मग एकदाच फेडून टाका ना! दर वर्षी कशाला हेलपाटा?"

"परवडत नाही," घाडी म्हणाले.

मुलीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, रिकामी पिशवी. शिक्का मारताना तिने चलनाच्या तिन्ही प्रती नीट सारख्या केल्या.

भरणा करणाऱ्याच्या नावापुढे घाडींनी आ. घाडी असं लिहिलं होतं. हुद्द्याच्या रकान्यात ते जरा अडखळले होते, कारण अजून एक दिवस बाकी होता. तो रकाना त्यांनी कोरा सोडला. तेहतीस वर्षांत त्यांनी सोडलेला तो पहिला कोरा रकाना.

*

शुक्रवारी सकाळी वैदेहीने विवरणपत्र पुन्हा छापलं. शेवटच्या रकान्यात शून्य होतं. तिने घाडींकडे पाहिलं. घाडी टेबलाचा खण रिकामा करण्यात गढून गेले होते.

समेळांनी कागद हातात धरून बराच वेळ काढला.

"घाडी, एकाचा शून्य कसा झाला?"

"व्याज जमा झालं, साहेब. चारशे साठ राहिले. हजारांत शून्य."

"कुणी भरलं?"

घाडींनी पावतीची प्रत टेबलावर ठेवली. समेळांनी ती वाचली, चष्मा काढला आणि नाकाचा शेंडा दोन बोटांत धरून बसले.

"कर्ज फिटू नये म्हणून तुम्ही खिशातून पैसे भरलेत."

"नियमात बसतं."

"बसतं. तेच तर." त्यांचा आवाज चढला नाही. चढवायला लागणारी ताकद बहुधा आधीच्या तीन बदल्यांत खर्च झाली होती. "मी चेअरमनना सांगितलंय, आपण कर्जमुक्त झालो म्हणून. आता काय सांगू? शून्य असल्यामुळे कर्ज राहिलं?"

"बारा वर्षं तसंच होतं, साहेब. कुणी विचारलं नाही."

समेळांनी सहीसाठी पुढ्यात ठेवलेला ना-देय दाखला उचलला आणि खणात टाकला. रागाने नाही. पाऊस नाही म्हणून माणूस छत्री ठेवून देतो, तसा.

"बघू पुढच्या महिन्यात," ते म्हणाले.

फ्लेक्स मात्र तयार होऊन आला होता आणि त्याचे साडेचारशे रुपये दिले गेले होते. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून संध्याकाळच्या निरोप समारंभात तोच लावला. 'कर्जमुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन' या अक्षरांखाली घाडी हार घालून बसले. इतर शाखांची माणसं पेढा उचलता उचलता त्यांचा हात दाबत होती. "फिटलं का एकदाचं सोसायटीचं कर्ज? सुटलात!"

"नाही अजून," घाडी प्रत्येकाला खरं तेच सांगत होते. घाडी विनोद फार गंभीर चेहऱ्याने करतात, असं जाता जाता लोक म्हणाले.

जाताना त्यांनी आपली पोलादी पट्टी वैदेहीला दिली आणि तिच्याबरोबर कोऱ्या चलनांचा गठ्ठा.

"हे कशाला, काका?"

"फेब्रुवारीत लागतात. माझे गुडघे ठीक आहेत अजून. पण असू दे."

वैदेहीने गठ्ठा खणात ठेवला, पट्टी वर ठेवली आणि खण बंद करून किल्ली पर्समध्ये टाकली.

*

मार्चमध्ये दाखल्यावर सही झाली नाही. एप्रिलमध्येही नाही. घाडींनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा समेळ बैठकीत होते, आणि एकदा ते खरंच बैठकीत होते.

मे महिन्याच्या सात तारखेला कातळवेळचा अहवाल आला, या खेपेस दोन दिवस उशिरा आणि जाड लिफाफ्यात. वैदेही तो बघून संगणकावर उतरवत होती. टाकी: भरलेली. दिवे: दोन बंद. छप्पर: पूर्वीप्रमाणे. पर्यटक. इथे तिच्या बोटांनी सवयीने निरंक टंकलं आणि मग ती थांबली. पुन्हा कागद बघितला. निरंक पुसलं.

पर्यटक: एक. मुक्काम दोन रात्री, खोली क्रमांक चार. भाडे प्रतिरात्र रुपये नव्वद, कारण दर बदलल्याचा आदेश नाही. पर्यटकाने ज्येष्ठ नागरिक सवलत मागितली, वय अठ्ठावन्न असल्याने नाकारली. एकूण रुपये एकशे ऐंशी, मनिऑर्डरची पावती सोबत. तक्रारवहीत तक्रार एक, नक्कल सोबत.

तक्रारीची नक्कल रामजीने काढली नव्हती, वहीचं पानच फाडून जोडलं होतं. अक्षर वैदेहीच्या ओळखीचं होतं. 'खोली स्वच्छ. अंगणही स्वच्छ. उशी नाही. एक उशी पुरवावी, ही विनंती.'

तिने टिपणी तयार केली आणि सगळा लिफाफा समेळांपुढे ठेवला. त्यांनी अहवाल वाचला, मनिऑर्डरचा कागद उजेडात धरून पाहिला.

"हे जमा कुठे दाखवायचं?"

"भाडे उत्पन्नात, साहेब. पण ते लेखाशीर्ष चौदा साली बंद केलंय. उत्पन्न नाही म्हणून."

"उघडा."

मग ते तक्रार वाचू लागले. तीन ओळी वाचायला लागेल त्याहून बराच जास्त वेळ ते वाचत होते. वर पंखा फिरत होता आणि पानाचा फाटका काठ थरथरत होता. शेवटी त्यांनी पेन शोधायला खण उघडला. पेन तर त्यांच्या खिशालाच होतं. खणातून त्यांनी सगळ्यात वरचा कागद काढला, त्यावर सही केली, तारीख घातली आणि वैदेहीकडे सरकवला. घाडींचा दाखला.

वैदेही उठणार, इतक्यात त्यांनी तिला हाताने थांबवलं. तिची टिपणी पुढे ओढली. कातळवेळ पर्यटक निवासासाठी उशी, नग एक, खरेदीस मंजुरी मिळावी, असं तिने लिहिलं होतं. समेळांनी 'एक' वर आडवी रेघ मारली, वर 'दोन' लिहिलं आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी छोटी सही केली.